उजेडाच्या खोलीतले बारा दिवस

३ मार्च, सोमवार

ही वही देताना ताई म्हणाली होती, "ठमे, तुझ्या काळज्या ऐकून माझे कान किटले. आता जरा या वहीचे किटव." तीन महिने वही कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण आज काळजी करण्यासारखं काहीच नाही, आणि असं झालं की मला धडधडायला लागतं.

तर वही, तुला माहीत असावं म्हणून सांगते. मी त्वचेच्या दवाखान्यात कामाला आहे. माझ्या खोलीला सगळे उजेडाची खोली म्हणतात, पण प्रत्यक्षात तिला खिडकीसुद्धा नाही. तिथे एक यंत्र आहे. त्याच्या पेनासारख्या नळीचं टोक कातडीला टेकवायचं. त्यातून जांभळा उजेड आत जातो आणि कातडी तिचा स्वतःचा मंद उजेड परत देते. निरोगी कातडीखाली धाग्यांची जाळी असते, ती चमकते. कर्करोगाची गाठ वाढू लागली की ती जाळी पोखरते, आणि तिथली चमक विझत जाते. आपल्या डोळ्यांना हे दिसत नाही. यंत्राला दिसतं आणि ते आकडा देतं. पन्नासच्या वर म्हणजे ठीक. तिसाच्या खाली म्हणजे तुकडा कापून तपासायला पाठवायचा. मधल्यांचं मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टर, ठरवतात.

ऑक्टोबरपासून प्रयोगाचा दुसरा टप्पा चालू आहे. मॅडमना नुसत्या बघण्यातून अर्धामुर्धाच संशय वाटला आणि आकडा पन्नासच्या वर आला, तर तुकडा काढायचा नाही, चार महिन्यांनी परत बोलवायचं. विनाकारण कितीतरी लोकांना चिरावं लागत होतं, ते थांबलं. वीस तारखेला प्रयोग तपासायला समिती येणार आहे. त्यांना पटलं तर असली यंत्रं बाकीच्या दवाखान्यांतही जातील. आज मॅडम कागद चाळता चाळता चक्क हसल्या. नऊ वर्षांत मी त्यांना चारदा हसताना पाहिलंय, आजचं धरून.

माझ्या फडक्यांचंही कौतुक झालं. नळी टेकवण्याआधी कातडी पाण्याने पुसावी लागते. स्टोअरमधली जाळीची पट्टी खरखरीत, म्हातारी माणसं कळवळायची. म्हणून ऑक्टोबरपासून मी घरच्या जुन्या चादरींची मऊ फडकी शिवून आणते. धुणं नवरोबाकडे. त्याला आपल्या धुण्याचा भारी अभिमान. त्याचं म्हणणं, पांढरे कपडे शुभ्र निघावेत ते त्याच्याच हातून.

६ मार्च, गुरुवार

आज यंत्रवाला आला होता. यंत्र बनवणारा आमचा इंजिनिअर, पण सगळे त्याला यंत्रवालाच म्हणतात. दिवा साफ करायला त्याने झाकण उघडलं आणि खोलीतला बल्ब घालवला. एरवी तो जांभळा उजेड नळीबाहेर सांडतच नाही, आज खोलीभर पसरला. आणि ट्रेमधली माझी फडक्यांची चळत एकदम निळीपांढरी लखलखली. त्याच्या शर्टाची कॉलरही लखलखली, पण फडक्यांपुढे ती काहीच नाही.

"काय हो, चांदणं धुऊन आणता की काय?" तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी काहीतरी घालतात, ते या उजेडात चमकतं, असं त्याने सांगितलं. मग झाकण लावलं, चहा प्यायला आणि गेला. त्याला वाटलं असेल, फडकी हात पुसायची आहेत.

बसमध्ये खिडकीशी बसले होते. पुढच्या बाईने घाम पुसलेल्या रुमालाची कापसाची कुसळं तिच्या कपाळाला चिकटली होती. ती बघता बघता माझी फडकी डोळ्यांसमोर आली: तीही रोग्यांच्या कातडीवर असंच काही मागे ठेवत असतील. दोन थांबे पुढे उतरले आणि चालत मागे आले.

७ मार्च, शुक्रवार

मॅडम यायच्या आधी स्वतःच्या मनगटावर करून पाहिलं. नुसतं मनगट: अठ्ठावन्न. ओल्या फडक्याने पुसून: एक्क्याऐंशी. जाळीच्या पट्टीने पुसून: अठ्ठावन्न. पुन्हा फडकं: एकोणऐंशी.

पाच वेळा केलं. दर वेळी वीस-पंचवीसची भर.

म्हणजे विझत चाललेली जागा पंचविसावर असेल तर माझ्या फडक्याने ती पन्नासावर न्यायची. रोग्याला आपण ठीक म्हणायचं आणि घरी पाठवायचं.

सगळी फडकी पिशवीच्या तळाशी कोंबली. आजच्या सहाही जणांना स्टोअरच्या पट्टीनेच पुसलं. एक आजी "आई गं" म्हणाल्या. मॅडमनी दुपारी आकडे बघून विचारलं, "आज सगळेच खाली?" मी म्हणाले, "हो ना." दोन अक्षरं बोलायला केवढं बळ लागलं.

८ मार्च, शनिवार

शांत डोक्याने विचार करायचा ठरवलं. मनगट म्हणजे निरोगी कातडी. दुखऱ्या जागेवर तसंच होत असेल असं थोडंच आहे? अर्धवट माहितीवर मॅडमना घाबरवणं बरं नाही. समिती तोंडावर आहे. आधी नीट खात्री करून घ्यावी. हेच शहाणपणाचं आहे.

नवरोबाने विचारलं, "फडकी आली नाहीत या आठवड्यात धुवायला?"

"दवाखान्याने नवीन दिली."

"मऊ आहेत का पण?" त्याला वाईट वाटलं बहुतेक.

१० मार्च, सोमवार

रजिस्टर घेऊन जेवणाच्या सुट्टीत बसले. फडकी सुरू केली वीस ऑक्टोबरला. तेव्हापासून पन्नासच्या वर आकडा आला म्हणून तुकडा न काढता घरी पाठवलेले: एकोणीस जण.

चौदावं नाव ताईचं आहे.

मला ते माहीतच होतं. तरी नावावर बोट ठेवून बसले. डिसेंबरमध्ये मीच तिला ओढत आणलं होतं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या, माझ्या प्रगतीपुस्तकावर सह्या तिनेच केल्या. तीस वर्षं उघड्या तलावावर पोहणं शिकवतेय, डोक्याला टोपी म्हणून नाही. कानाच्या वरच्या कडेला खपली धरायची, निघायची, परत धरायची. आकडा आला चौपन्न. मॅडम म्हणाल्या, राहू दे. ताई म्हणाली, "बघ, तुझ्यापेक्षा यंत्राला अक्कल आहे."

आता खात्री करायला दुखरी जागाच हवी ना? मग तिचीच बघावी. म्हणजे हे सगळ्यांसाठीच होईल.

१२ मार्च, बुधवार

ताई आली. फोनवर कुरकुरत होती, स्पर्धा जवळ आल्यात, पोरं अजून उडी मारताना नाक धरतात. मी म्हणाले, नेहमीची तपासणी आहे, पाच मिनिटांचं काम.

मॅडम वॉर्डात होत्या. पट्टीने पुसलं, नळी टेकवली. चोवीस. परत. तेवीस.

"किती?"

"तसं सांगत नसतात."

"राहू दे. लहानपणी लोणच्याची बरणी फोडून दोष मांजरावर ढकलला होतास, तेव्हा हाच चेहरा होता." तिने केस कानावर ओढले. "आणि घरात मांजर नव्हतं, ठमे."

१३ मार्च, गुरुवार

मॅडमना सांगितलं, "ताईला फार काळजी वाटतेय, तेवढा तुकडा काढून बघाल का? माझ्यासाठी."

मॅडमनी ताईची नोंद काढून पाहिली. "चार महिने व्हायचेत अजून."

"हो. पण तिला झोप लागत नाही."

ताई पडल्या पडल्या घोरते. मॅडमनी दुपारीच तुकडा काढला, आणि नवा आकडा घेतलाय का हे विचारलंही नाही. माझी बाजू सावरली गेली याचं मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचीच शिसारी आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझं तर पिशवीत आहे.

बाकी अठरा जण. त्यांचं ताईचा निकाल आल्यावर बघू. निकाल आल्याशिवाय काही सिद्धच होत नाही.

१५ मार्च, शनिवार

काही नाही. भाजी करपली. यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या बाई बाजारात दिसल्या, नाकाच्या शेंड्यावर डाग असलेल्या. मला बघून हात हलवला. मी दुसऱ्या गल्लीत वळले.

१७ मार्च, सोमवार

निकाल आला. आहे. पसरू शकणारा प्रकार, पण लवकर सापडला, कडेकडेने काढता येईल, असं मॅडम म्हणाल्या. कानाचा थोडा भाग जाईल.

तलावावर जाऊनच सांगितलं. दुपारची पोरं नुकतीच गेली होती, फरशी ओली होती. ताईने ऐकून घेतलं, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे डिसेंबरात यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही," मी म्हणाले. आणि मग सगळंच बाहेर आलं. फडकी, मनगट, रजिस्टर, झोप लागत नाही म्हणून मारलेली थाप. मी रडत होते आणि ती मला थांबवत नव्हती. एरवी लगेच थांबवते.

"एकूण किती जण?"

"एकोणीस. तुझ्यासकट."

"आणि बोलावलेस किती?"

मी पिशवीत रुमाल शोधू लागले.

"किती गं?"

"एक."

ती उठली, तलावाच्या कडेला जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करूनच बोलली. "मी शिट्टी मारली की पोरं बाहेर येतात. मी मोजते. सव्वीस आत गेली तर सव्वीस बाहेर यायला हवीत. त्यात माझं घरचं पोर असलं तर त्याला तेवढं काढून मी घरी जाते का?"

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी?"

मला तारीख सांगता येईना.

"असा सगळ्यांच्या आधी वाचवलेला कान मला नको झालाय," ती म्हणाली. मग लगेच वळून माझं नाक पुसलं, तिच्या टॉवेलने. तो क्लोरीनने भरलेला होता आणि झोंबला.

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं.

मॅडमच्या टेबलावर समितीसाठीच्या फायली होत्या, रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. मी पिशवीच घेऊन गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "चला." उजेडाच्या खोलीत येऊन त्यांनी बल्ब घालवायला लावला, यंत्राचं झाकण स्वतः उघडलं आणि एक फडकं हातात धरलं. त्यांची बोटं काळी दिसत होती आणि फडकं पेटल्यासारखं.

बल्ब लावल्यावर त्या स्टुलावर बसल्या, जिथे रोगी बसतात.

"जानेवारीत तिघांचे आकडे तपासणीशी जुळले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला नुसतं बघूनच खात्री होती म्हणून मी तुकडे काढले होते. तिघांनाही कर्करोग होता आणि आकडे मात्र पन्नासच्या वर. यंत्रवाला म्हणाला, कातडी जाड असेल. मी मान डोलावली. इतकी वर्षं या कामात आहे मी. मान डोलवायला नको होती."

मला वाटलं, आता माझ्यावर येतील. त्या म्हणाल्या, "बहिणीचा तुकडा आपण तेरा तारखेला काढला. आज अठरा."

एवढंच. यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यादी आणा. फोन तुम्ही करायचे. काय झालं ते सरळ सांगायचं. यंत्रात बिघाड होता, असं म्हणायचं नाही."

"मी? मॅडम, माझ्यावर कोण विश्वास ठेवेल आता?"

"मी ठेवतेय का नाही ते नंतर बघू. फोन लावा."

ही शिक्षाच आहे. सगळ्यांच्या तोंडून ऐकून घ्यायला मला पुढे केलंय. असो, पात्रच आहे मी.

घरी नवरोबाला सांगितलं. तो पावडरीचा डबा घेऊन बराच वेळ मागचं बारीक छापलेलं वाचत बसला. "ऑक्टोबरात मीच बदलली ही," म्हणाला. "आधीची एवढी पांढरी काढत नव्हती." मी म्हणाले, तुझा काय दोष. तो म्हणाला, "तू तरी मुद्दाम केलंस का?" मी म्हणाले, फडकी नाही. बारा दिवस मात्र मुद्दाम. तो उठला आणि डबा बाहेर नेऊन टाकला.

१९ मार्च, बुधवार

समिती पुढे ढकलली. यंत्रवाला आला आणि दारातूनच म्हणाला, "तीन वर्षं, बाई. तीन वर्षांची मेहनत तुम्ही चादरीत गुंडाळलीत." पुढे तो बोलायचाच बंद झाला. ट्रेमधल्या फडक्यांवर हसणाऱ्यांत तोही होता हे मी म्हणाले नाही. त्याला ते आठवत असणारच.

फोन केले. पहिला लावायला अर्धा तास गेला. एका शिक्षकांनी सगळं ऐकून "धन्यवाद" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी परत करून मला निर्लज्ज म्हणाले. एक आजी हसायलाच लागल्या. "अगं, मला वाटलं, मी मेल्याचाच फोन आला." नाकाच्या शेंड्यावर डाग असलेल्या बाई म्हणाल्या, "त्या दिवशी बाजारात तुम्हीच होतात ना? मला वाटलं, ओळखलं नाहीत."

मी म्हणाले, "ओळखलं होतं."

२६ मार्च, बुधवार

अठरापैकी सतरा जण येऊन गेले. सगळ्यांचे तुकडे गेले. आतापर्यंत तिघांचे वाईट आलेत, तिन्ही लहान, निघतील. त्यात नाकवाल्या बाई आहेत. मॅडम रोज संध्याकाळी यादीवर खुणा करतात, मी समोर उभी असते. काल म्हणाल्या, "बसा की." मी उभीच राहिले. चांगलं वागून त्या मला जास्तच लाजवतात.

ताईची शस्त्रक्रिया परवा झाली. कानाचा वरचा तुकडा गेला. पट्टी बांधलेली असताना विचारते, "आता चष्मा खिळ्याला टांगू का?"

राहिले एक जण. रंगारी काका. उंच टाक्या आणि खांब रंगवायचं काम करतात. खालच्या ओठावर पांढरट चट्टा, नोव्हेंबरमध्ये आले होते. आकडा एक्कावन्न. फोन बंद. ओठावरचा हा रोग मानेतल्या गाठींत लवकर उतरतो, असं मॅडम म्हणाल्या, आणि मग माझं तोंड बघून पुढे बोलल्या नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

पत्त्यावर गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, जानेवारीतच सोडून गेले, कुठे ते माहीत नाही. जिन्यात बसून मॅडमना फोन केला. "शोधा," त्या म्हणाल्या. "उद्या येऊ नका कामावर. शोधा."

२८ मार्च, शुक्रवार

रंगाची तीन दुकानं फिरले. तिसऱ्यात एकाने सांगितलं, "ओठाला मलम लावतो तोच ना? तो पाण्याच्या टाकीवर आहे, कारखान्यांच्या मागे." तोवर संध्याकाळ झाली होती, कारखान्यांचं फाटक बंद.

मलम लावतो म्हणाला.

२९ मार्च, शनिवार

नवरोबाने स्कूटरवरून नेलं. टाकी चार मजली उंच, आणि वर दोरीच्या पाळण्यात एक माणूस. मी खालून हाक मारली ती वाऱ्यावर गेली. नवरोबाने दोन हात तोंडाशी धरून आरोळी ठोकली तेव्हा ते हळूहळू उतरायला लागले. उतरता उतरता दोनदा थांबून राहिलेली जागा रंगवली. काम अर्धवट सोडायची सवय नसावी.

जवळ आल्यावर ओठ दिसला. नोव्हेंबरात चट्टा होता. आता मधोमध भेग होती आणि कडा वर आलेल्या.

मी सांगितलं, उभ्या उभ्याच. ते हातावरचा रंग चिंधीने पुसत ऐकत होते. रागावले नाहीत. एकच म्हणाले, "घरी येऊन हे हिला सांगाल का? मी सांगितलं तर ती म्हणेल, तुम्हीच नीट ऐकलं नसेल."

दोन खोल्यांचं घर, रंगांच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपं. काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पाय थांबवले, पण मान वर केली नाही, मी सांगून होईपर्यंत.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "पाच महिने मी यांना म्हणतेय, परत जा. चार महिन्यांनी बोलावलं होतं, तेव्हाही म्हटलं. तर मला म्हणतात, यंत्रानं बघितलंय, तू काय यंत्राहून शहाणी?"

रंगारी काका भिंतीकडे बघत राहिले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सहा तारखेला."

"आज एकोणतीस."

"तुमचा फोन बंद होता, घरही बदललेलं. शोधत होतो आम्ही..."

"सहापासून शोधताय?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. "नाही. अठरापासून."

"आणि मधे?"

"मधे मी माझ्या बहिणीला बोलावलं. तिचंही तसंच झालं होतं. आधी तिचं करून घेतलं. बाकीच्यांना नाही."

नवरोबा दारात उभा होता. त्याला यातलं हे माहीत नव्हतं. काकूंनी शिवणयंत्रावरचं कापड काढलं, घडी घातली, परत उलगडली.

"सोमवारी घेऊन येते यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा आता."

३१ मार्च, सोमवार

दोघं दवाखाना उघडायच्या आधीच येऊन बसले होते. मॅडम म्हणाल्या, "हवं तर मी मोजते." मी म्हणाले, मीच करते. नळी हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरली. काकू स्टुलामागे उभ्या, काकांच्या खांद्यावर हात.

सतरा.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं. माझ्याशी बोललेला आजचा एकच शब्द.

आकड्याचा अर्थ मी रोग्याला सांगायचा नसतो. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांगा."

"म्हणजे बहुतेक आहे, काकू. तुकडा काढून नक्की करतील."

मॅडमनी काकांची मान बोटांनी चाचपून बघितली. डाव्या बाजूला काहीतरी लागतंय म्हणाल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

नक्की झालं. पुढच्या गुरुवारी मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया. ओठाचा जवळजवळ तिसरा भाग आणि मानेतल्या गाठी काढतील. गाठींत उतरलं असेल तर पुढे काय, ते मी वाचून ठेवलंय. वाचायला नको होतं.

घरी नवरोबा कपडे नळाखाली नुसत्या पाण्यातच काढतो आता. शर्ट मळकट दिसतात. मी म्हणाले, साबण लाव की. तो म्हणाला, लावेन. नाही लावत. ताईच्या बाबतीतलं त्याच्यापासून लपवलं होतं, त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. मात्र रात्रीचं जेवण स्वतः वाढतो, आणि मी पोळी मोडत नाही तोवर समोरून उठत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

साडेनऊला काकांना आत नेलं. मी रजा घेऊन गेले होते, पण काकूंच्या समोर जायचा धीर झाला नाही, खालच्या मजल्यावर औषधांच्या खिडकीशी बसले. दीडला मॅडमचा फोन: व्यवस्थित पार पडलं, गाठींचा अहवाल दहा-बारा दिवसांनी. "कुठे आहात तुम्ही?" "खाली." "वर जा." गेले नाही.

संध्याकाळी ताईकडे. तिने ऐकलं आणि विचारलं, "अठरा बाहेर आले. एकोणिसावा?"

"अजून पाण्यात आहे."

"मग हलू नकोस काठावरून," ती म्हणाली.

२९ एप्रिल, मंगळवार

अहवाल आज यायचा होता, आला नाही. उद्या म्हणाले. दिवसभर फोन पहिल्या घंटेलाच उचलत होते. एक फोन यंत्रवाल्याचा: नळीला नवं टोक बनवलंय, पुसण्यासाठी कुठलं कापड चालतं याची यादीही. "यादी तुम्ही एकदा तपासून द्या," म्हणाला. इतक्या दिवसांनी बोलला तोही कामापुरता.

३० एप्रिल, बुधवार

अकरा गाठी काढल्या. अकराही स्वच्छ. मॅडमच्या बोटांना जे लागलं होतं ती नुसती सूज.

मॅडमनी कागद माझ्या हातात दिला आणि चष्मा काढून डोळे चोळले. मी पहिल्यांदा त्यांच्या टेबलासमोर बसले, न सांगता.

मग त्यांनी दुसरा कागद दाखवला, समितीला जाणारा. त्यात फडक्यांचं सगळं आहे. 'तंत्रज्ञाने सहा मार्चला ओळखलं, अठराला कळवलं', हेही आहे. त्याखाली: 'विसंगत आकडे जानेवारीतच लक्षात येऊनही प्रमुख डॉक्टरांनी पाठपुरावा केला नाही.' दुसरा टप्पा पहिल्यापासून करायचा. मोजणारी व्यक्ती म्हणून नाव माझंच आहे. मी म्हणाले, "मॅडम, हे चुकून राहिलं वाटतं." त्या म्हणाल्या, "नाही." खरं तर दुसरं कोणी मिळालं नसेल एवढ्यात.

६ मे, मंगळवार

रंगारी काका टाके दाखवायला आले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं आहे, 'प' म्हणताना हवा जाते. तरी भिंतीकडे बघून मॅडमना म्हणाले, या खोलीला दोन हात तरी मारायला हवेत, पोपडे आलेत. वर चढायला तीन महिने बंदी आहे, म्हणून खालची कामं शोधतायत.

काकू बाहेर बाकावर होत्या. शस्त्रक्रियेपासून तीनदा आल्या, माझ्याकडे बघितलंही नव्हतं. मी फाइल घेऊन समोरून जात होते.

"अहो," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

"बहिणीचं कसं आहे?"

"बरं आहे. कानाचा थोडा भाग गेला. तलावावर जायला लागली परत."

"उन्हात?"

"टोपी घालते आता."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, नळी लावली, काकांना आता तसंच प्यावं लागतं. नळी नीट बसली का बघत विचारलं, "यांना परत कधी आणायचं?"

"तीन जूनला. सकाळी."

"तुम्ही असणार का त्या दिवशी?"

मी असावं म्हणून विचारलं की नसावं म्हणून, ते मला बसमध्ये कळलं नाही, घरी येऊनही कळलं नाही. नवरोबाला विचारलं तर तो म्हणाला, "तू काय सांगितलंस?"

असेन म्हणाले.